ठेका सर्वांच्या ओळखीचा, वादक मात्र निनावी

केरसी लॉर्ड यांच्या कारकिर्दीने उभा केलेला प्रश्न जामखेडच्या ढोलकीवादकालाही चुकलेला नाही

प्रतिनिधी

जामखेड : येथील कला केंद्रांत बैठकीची पहिली थाप ढोलकीवर पडते, तेव्हा रस्त्याने जाणाऱ्यालाही आत काय सुरू झाले ते कळते. गाणारीचे शब्द बाहेर पोचत नाहीत, पेटीचे सूरही विरून जातात. ढोलकीचा घुमारा तेवढा भिंतीबाहेर येतो. मात्र बैठक आटोपल्यावर रसिकाच्या बोलण्यात नाव येते ते गाणारीचे आणि नाचणारीचे. ढोलकीला कोण होते, या प्रश्नावर बहुतेकांना आठवावे लागते आणि आठवूनही नाव सापडत नाही.

हा विसर नवा नाही आणि तो केवळ लोककलेपुरता मर्यादितही नाही. हिंदी व मराठी चित्रपटसंगीताचा सारा डोलारा ज्या तालवादकांनी पेलला, त्यांच्या वाट्यालाही तो आला. आजवर या विषयावर बोलताना ‘कलावंताची उपेक्षा’ असा हळहळीचा सूर लावला जात असे. आता हळहळीने भागणार नाही. यंत्राकडून गाणी रचून घेण्याचे तंत्र घरोघरी पोचले आहे आणि त्या यंत्राला शिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कलाकृतींचा मोबदला कुणाला द्यावा, याचा विचार केंद्र सरकारच्या पातळीवर सुरू झाला आहे. उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाने डिसेंबर २०२५ मध्ये यासंबंधीचे कार्यपत्र प्रसिद्ध केले. मोबदला वाटायचा म्हणजे आधी यादी लागते. ज्याचे नाव यादीत नाही, त्याला वाटाही नाही. म्हणूनच गाण्यामागे ताल कुणी धरला, हा प्रश्न आता आठवणींचा न राहता हिशेबाचा झाला आहे.

हा हिशेब समजून घ्यायचा, तर एका कारकिर्दीकडे पाहणे उपयोगी ठरेल.

पुणतांब्याचे संगीतकार, मुंबईचे साजिंदे

या कारकिर्दीच्या उगमाशी आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजेच रामचंद्र नरहर चितळकर, यांचा जन्म १९१८ साली पुणतांब्याचा. जामखेड जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, तर गोदाकाठचे पुणतांबे उत्तर टोकाला. याच चितळकरांनी पन्नासच्या दशकाच्या आरंभी हिंदी चित्रपटगीतांत पाश्चात्त्य नृत्यसंगीताची लय आणली. १९५१ च्या ‘अलबेला’ने त्या लयीचे वेड देशभर लावले.

ती लय कागदावर लिहून होणारी नव्हती. ती हातांत असलेली माणसे लागत होती. मुंबईच्या हॉटेलांतून आणि नृत्यशाळांतून वाजवणारे गोव्याचे व पारशी समाजातील वादक त्यासाठी स्टुडिओत आले. ट्रम्पेटसाठी चिक चॉकलेट आले, तर तालासाठी कावस लॉर्ड. बोंगो, कोंगा, मराकस यांसारखी लॅटिन अमेरिकेतील तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुळवण्याचे श्रेय जाणकार कावस लॉर्ड यांना देतात. स्टुडिओत ते ‘कावसकाका’ म्हणून ओळखले जात. ‘अलबेला’तील त्या गाण्यांवर आजही वरातीत पाय थिरकतात. पाय थिरकवणारे हात कुणाचे होते, हे मात्र वरातीतल्या कुणालाही ठाऊक नसते.

कावसकाकांचे दोन पुत्र, केरसी आणि बुजी, हेही याच व्यवसायात उतरले. त्यांपैकी केरसी लॉर्ड यांची कारकीर्द विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

एक वादक, अनेक वाद्ये

केरसी लॉर्ड यांचा जन्म १९३५ चा. वडिलांचे बोट धरून ते किशोरवयातच ध्वनिमुद्रणाला जाऊ लागले. आरंभ तालवाद्यांनी झाला. बोंगो, कोंगा, ड्रम ही वाद्ये घरचीच होती. पुढे व्हायब्राफोन आणि ग्लॉकेनस्पील आली. धातूच्या पट्ट्यांवर लहान हातोड्यांनी वाजवायची ही वाद्ये म्हणजे ताल आणि सूर यांच्या सीमेवरची. त्यानंतर अ‍ॅकॉर्डियन, कळफलकाची इतर वाद्ये आणि अखेर वाद्यवृंदाचे संयोजन. तालापासून निघालेला माणूस सुरापर्यंत आणि सुरापासून समग्र रचनेपर्यंत पोचला.

या प्रवासातील दोन ठिकाणे सर्वांच्या कानांवरून गेलेली आहेत. १९६१ च्या ‘हम दोनो’मध्ये नायकाच्या सिगारेट लायटरमधून एक छोटीशी सुरावट ऐकू येते. जयदेव यांच्या संगीतातील ही सुरावट केरसी लॉर्ड यांच्या ग्लॉकेनस्पीलची. दुसरे ठिकाण १९६९ च्या ‘आराधना’तील. ‘रूप तेरा मस्ताना’ या गाण्यातील अ‍ॅकॉर्डियन त्यांचेच. ही दोन्ही ठिकाणे वगळून ती गाणी कल्पनेत आणून पाहावीत. गाणे उरते, पण त्याची ओळख पुसट होते.

अशा वादकाला स्टुडिओत मागणी का असते, याचे उत्तर त्या काळच्या ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीत आहे. ताडदेवचे फिल्म सेंटर, महालक्ष्मीचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब अशा ठिकाणी गायक आणि सारा वाद्यवृंद एकत्र वाजवत असे. आजच्यासारखे तुकडे जोडता येत नसत. शेवटच्या कडव्यात एकाचा हात चुकला, तर पहिल्या सुरापासून सर्वांनी पुन्हा सुरुवात करायची. अशा वेळी संयोजकाला हवा असतो तो कागदावरील खूण पाहताच वाजवणारा, ऐन वेळी बदल सुचवला तर गोंधळून न जाणारा आणि सकाळी लावणी, दुपारी कव्वाली व रात्री क्लबमधील नृत्यगीत तितक्याच सहजतेने पेलणारा माणूस. हे अष्टपैलुत्व म्हणजे वादकाची हौस नसून त्या धंद्याची गरज होती. त्याचे मोलही त्याला मिळत असे. पण ते फक्त त्या दिवसापुरते.

शिफ्ट संपली, हिशेब संपला

स्टुडिओतील वादकाचा मेहनताना शिफ्टवर ठरे. वादकांची संघटना, सिने म्युझिशियन्स असोसिएशन, पन्नासच्या दशकात उभी राहिली आणि तिने वादकांच्या दर्जानुसार दर व कामाचे तास ठरवून घेतले. ही लहान गोष्ट नव्हती. त्याआधी पैसे किती आणि कधी मिळतील, याची शाश्वती नसे. मात्र संघटनेने मिळवून दिलेली सुरक्षा ही मजुरीची होती. वाजवलेल्या गोष्टीवर वादकाचा काही हक्क राहतो, ही कल्पनाच तेव्हा कायद्यात नव्हती.

त्यामुळे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत संगीतकार आले, गीतकार आले, गायक आले, क्वचित साहाय्यकही आले. साजिंदे आले नाहीत. ग्रामोफोनच्या तबकडीवर तर जागाच नव्हती. न्यूझीलंडमधील संगीत-अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या स्टुडिओंतील वादकांच्या मुलाखती घेऊन लिहिलेला ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध झाला. तोवर यांपैकी कितीतरी नावे स्टुडिओच्या बाहेर पडलीच नव्हती. आपल्या चित्रपटसंगीताच्या कारागिरांची नोंद करण्यासाठी परदेशी प्राध्यापकाला यावे लागले, ही आपल्यासाठी भूषणावह गोष्ट खचितच नाही.

मराठी वाचकाला जवळचे दुसरे उदाहरण म्हणजे दत्ताराम वाडकर. गोव्यात जन्मलेले आणि सावंतवाडीत वाढलेले दत्ताराम शंकर-जयकिशन यांचे साहाय्यक झाले आणि तालविभागाची धुरा त्यांच्याकडे आली. त्यांनी रूढ केलेला ढोलकचा एक ठेका वादकांच्या बोलीत ‘दत्तू ठेका’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. ठेक्याला वादकाचे नाव मिळावे, असे भाग्य फार थोड्यांचे. पुढे ते स्वतंत्र संगीतकार झाले. ‘परवरिश’ (१९५८) मधील ‘आँसू भरी हैं’ हे गाणे त्यांचेच. तरीही २००७ साली त्यांचे निधन झाले तेव्हा सर्वसामान्य श्रोत्याला त्यांची ओळख करून देताना शंकर-जयकिशन यांच्या नावाचाच आधार घ्यावा लागला. ठेका नावाने ओळखला गेला खरा, पण त्या ओळखीचे रूपांतर कोणत्याही हक्कात झाले नाही.

यंत्र आणणाराही वादकच

केरसी लॉर्ड यांच्या कारकिर्दीतील एक विरोधाभास येथे नोंदवला पाहिजे. सत्तरच्या दशकात मूग सिंथेसायझर हे विद्युत्‌वाद्य हिंदी चित्रपटसंगीतात आणणाऱ्यांत ते अग्रभागी होते. नवे वाद्य आत्मसात करणे हा त्यांचा स्वभावच होता. त्या वेळी ते वाद्यवृंदात पडलेली एक भर होती. पुढे त्याच जातीच्या यंत्रांनी वाद्यवृंदाची जागा घेतली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून तालयंत्रे आली, अनेक पट्ट्यांवर स्वतंत्रपणे मुद्रण करण्याची सोय झाली, मग संगणक आला. शंभर माणसांचे काम चार माणसांवर आले. व्हायोलिनवादकांचे ताफे घरी बसले. तालवादकांपैकी ज्यांच्या हातात यंत्राला न जमणारे काही होते, ते टिकले.

यात ढोलकीचे स्थान वेगळे आहे. ढोलकीचा बायाचा घुमारा, शाईवरची बोटे आणि गायिकेच्या श्वासाबरोबर मागेपुढे होणारी लय यंत्राला बराच काळ साधली नाही. पण त्यावर तोड निघाली. वादकाला एकदाच बोलावून निरनिराळे ठेके, तोडे आणि उठाण वाजवून घ्यायचे, ते साठवायचे आणि पुढे हवे तेव्हा, हव्या त्या गाण्यात, हव्या त्या गतीने जोडायचे. स्टुडिओच्या भाषेत याला ‘लूप’ म्हणतात. वादकाच्या दृष्टीने अर्थ असा की, एका दिवसाच्या मेहनतान्यात त्याने आपले पुढील अनेक दिवसांचे काम विकलेले असते. पुष्कळदा त्याची त्याला जाणीवही नसते.

अमेरिकेत याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. जेम्स ब्राउन यांच्या वाद्यवृंदातील ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्ड यांनी १९६९ साली ‘फंकी ड्रमर’ या गाण्यासाठी काही सेकंदांचा एकट्या ड्रमचा तुकडा वाजवला. पुढे तो तुकडा हजाराहून अधिक गाण्यांत कापून वापरण्यात आल्याचे सांगितले जाते. स्टबलफील्ड यांचे नाव त्या गाण्याच्या रचनाकारांत नव्हते. २०१७ साली त्यांचा मृत्यू झाला. जगातील सर्वाधिक वापरल्या गेलेल्या तालाच्या तुकड्यांपैकी एक त्यांचा होता, पण त्याचा वाटा त्यांच्या हाती आला नाही.

कायदा काय म्हणतो?

आपल्याकडे परिस्थिती अशी होती की, साजिंद्यांची गोष्ट सोडाच, पडद्यावरील नायकालाही आपल्या अभिनयावर हक्क नव्हता. ‘हम दोनो’चे नायक देव आनंद यांचा एका चित्रपटासंबंधीचा वाद सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. नटाच्या अभिनयाला कॉपीराइट कायद्याचे संरक्षण नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. कारण १९५७ च्या मूळ कायद्यात लेखक, संगीतकार, निर्माता यांचा विचार होता. सादर करणाऱ्याचा नव्हता.

ही उणीव १९९४ च्या दुरुस्तीने प्रथम भरून काढली. ‘सादरकर्ता’ ही संज्ञा कायद्यात आली. तिच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्याबरोबर डोंबारी, जादूगार आणि गारुडी यांचाही उल्लेख आहे. म्हणजे गावच्या जत्रेत कला दाखवणारा माणूस कायदा करणाऱ्यांच्या नजरेसमोर होता. हक्काची मुदत आरंभी २५ वर्षे होती. १९९९ च्या दुरुस्तीने ती ५० वर्षे झाली. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी महत्त्वाचे पाऊल टाकले. सादरकर्त्याने चित्रपटात आपली कला वापरण्यास लेखी संमती दिली, तरी त्या कलेचा व्यापारी वापर झाल्यास तो रॉयल्टीस पात्र राहील, असे कलम ३८-अ मध्ये म्हटले आहे. कलम ३८-ब ने सादरकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा आणि आपल्या कलेचे विद्रूपीकरण रोखण्याचा नैतिक हक्क दिला.

येथवर सारे ठीक आहे. अडचण आहे ती व्याख्येला जोडलेल्या एका परंतुकात. चित्रपटात ज्याचा सहभाग प्रासंगिक वा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या नेहमीच्या रिवाजानुसार ज्याचा उल्लेख श्रेयनामावलीत किंवा अन्यत्र कोठेही केला जात नाही, त्याला सादरकर्ता मानले जाणार नाही, असे हे परंतुक सांगते. अशा व्यक्तीला हक्क उरतो तो केवळ विद्रूपीकरणाविरुद्ध दाद मागण्याचा.

परंतुकाचा मूळ रोख कदाचित गर्दीतल्या चेहऱ्यांवर असेल. पण ‘धंद्याचा रिवाज’ हे शब्द साजिंद्यांच्या मुळावर येऊ शकतात. कारण साजिंद्यांचे नाव न देणे हाच तर या धंद्याचा अनेक दशकांचा रिवाज. संपूर्ण लावणी जिच्यावर उभी आहे त्या ढोलकीला ‘आनुषंगिक’ म्हणता येणार नाही, असा युक्तिवाद करता येईल आणि तो बळकटही आहे. परंतु नामावलीत नाव असेल, तर तो युक्तिवाद करण्याची वेळच येत नाही. नाव नसेल, तर एका ढोलकीवादकाला निर्मितीसंस्थेच्या वकिलांसमोर उभे राहून आपण वाजवले होते हेच आधी सिद्ध करावे लागते. नामावलीतील एक ओळ म्हणजे मानपान नसून हक्काचा पुरावा आहे, हे यातून स्पष्ट व्हावे.

गायकांनी या दुरुस्तीचा उपयोग करून घेतला. त्यांची संस्था २०१३ साली स्थापन झाली, तिने हॉटेल-बारमध्ये वाजणाऱ्या गाण्यांबाबत दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितली आणि पुढे ध्वनिमुद्रण कंपन्यांशी तडजोडही केली. नंतर या संस्थेच्या नावात गायकांबरोबर वादकांचाही समावेश झाला. दार उघडले आहे, असे म्हणता येईल. मात्र आत जाण्यासाठी लागणारा कागद किती वादकांजवळ आहे, हा खरा प्रश्न आहे.

इतरत्र कसे चालते?

निर्मात्यांचा आक्षेप असा असतो की, एका गाण्यात पन्नास वादक असतील, तर प्रत्येकाचा हिशेब ठेवणे व्यवहार्य नाही. आक्षेप अगदीच गैरवाजवी नाही. पण त्याचे उत्तर इतर देशांनी शोधलेले आहे. अमेरिकेच्या कायद्यानुसार इंटरनेट व उपग्रह रेडिओवरील गाण्यांच्या ठराविक रॉयल्टीतून अडीच टक्के साथीदार वादकांसाठी व अडीच टक्के साथीदार गायकांसाठी राखून ठेवले जातात आणि एका निधीमार्फत वाटले जातात. युरोपीय संघाने २०११ साली ध्वनिमुद्रणाच्या संरक्षणाची मुदत ५० वरून ७० वर्षे केली, तेव्हा वाढीव वर्षांतील ठराविक उत्पन्नाचा २० टक्के भाग एकरकमी पैसे घेऊन हक्क सोडलेल्या वादकांसाठी बाजूला काढण्याचे बंधन कंपन्यांवर घातले.

म्हणजे प्रत्येकाशी स्वतंत्र व्यवहार करावा लागत नाही. एक सामायिक निधी आणि कोणत्या ध्वनिमुद्रणात कोण होते याची नोंद, एवढ्यावर काम भागते. ध्वनिमुद्रणाबाबत सादरकर्त्यांना संरक्षण देणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २०१८ साली सामील झाला आहे. तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी राहिलेली नाही.

जामखेडच्या शेजारचा करमाळा तालुका या संदर्भात आठवतो. ‘सैराट’ (२०१६) तेथील माळरानावर चित्रित झाला आणि त्याच्या संगीतासाठीचा पाश्चात्त्य वाद्यवृंद लॉस एंजेलिसमधील सोनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. एकाच चित्रपटात आपल्या मातीतला ठेका आणि सातासमुद्रापलीकडचे व्हायोलिन एकत्र आले. दोन्हीकडचे वादक सारख्याच मोलाचे काम करतात. मात्र साथीदार वादकासाठी कायद्याने वाटा राखून ठेवण्याची सोय एका देशात आहे, दुसऱ्यात नाही.

जामखेडमध्ये याचा अर्थ काय?

वरील सारी चर्चा मुंबईची आणि परदेशाची वाटेल. पण तिचे टोक थेट आपल्या तालुक्यापर्यंत येते. तमाशाच्या दोन धारा आपल्याकडे नांदत आल्या. एक ढोलकी-फडाची, गावोगाव हिंडणारी. दुसरी संगीत बारीची, कला केंद्रात स्थिर असणारी. फडातील वादक दसऱ्यापूर्वी फडमालकाकडून उचल घेतो आणि हंगामभर ती फेडत वाजवतो. बारीतील वादकाला बैठकीच्या उत्पन्नात वाटा मिळतो. स्टुडिओतील वादकाला शिफ्टचे पैसे मिळतात. तिन्ही पद्धती वेगळ्या दिसल्या, तरी त्यांत एक गोष्ट समान आहे. वादन थांबले की मिळकत थांबते.

पूर्वी त्यात अन्याय फारसा जाणवत नसे, कारण वादनही तेथेच विरून जात होते. आता ते विरत नाही. समोर बसलेल्याच्या हातात मोबाइल असतो. बैठकीचे आणि फडाचे चित्रण समाजमाध्यमांवर चढते, लाखो लोक ते पाहतात आणि त्यावरील जाहिरातीचे पैसे चढवणाऱ्याला मिळू शकतात. कायद्याप्रमाणे सादरकर्त्याच्या संमतीवाचून त्याच्या कलेचे ध्वनिमुद्रण वा चित्रण करून ते लोकांपर्यंत पोचवता येत नाही. स्वतःच्या खासगी वापरासाठी अथवा निव्वळ अध्यापन-संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाला सूट आहे. जाहिरातीसह प्रसारणाला ती लागू होत नाही. हा हक्क गाणारीचा आहे, नाचणारीचा आहे आणि तितकाच ढोलकी-पेटीवाल्याचाही आहे. शिवाय थेट सादरीकरणाला चित्रपटाविषयीचे ते परंतुक लागू पडत नाही. या दृष्टीने कला केंद्रातील ढोलकीवादक स्टुडिओतील ढोलकीवादकापेक्षा कायद्याच्या अधिक जवळ उभा आहे. त्याला ते कुणी सांगितलेले नाही, एवढेच.

यावर एक शंका नेहमी काढली जाते. लावणीचा ठेका परंपरेचा आहे, तो कुणाच्या मालकीचा कसा? शंका रास्त आहे आणि उत्तर सोपे आहे. ठेक्यावर मालकी कुणाचीच नाही, नसावीही. उद्या कोणत्याही मुलाने तो शिकावा आणि वाजवावा. हक्क आहे तो विशिष्ट वादकाने विशिष्ट वेळी केलेल्या वादनावर. अभंग सर्वांचा असतो, म्हणून एखाद्या गायकाने गायलेला अभंग त्याला न विचारता विकता येत नाही. तसेच हे आहे.

काय करता येईल?

उपाय फार खर्चाचे नाहीत. पहिला, ध्वनिमुद्रणाला जाणाऱ्या वादकाने लेखी करार मागावा. हक्कांचे हस्तांतरण लेखी व स्वाक्षरीनिशी व्हावे, असा कॉपीराइट कायद्याचा दंडक आहे आणि तो सादरकर्त्याच्या हक्कालाही लागू आहे. एका पानावर दिनांक, गाणे, वाद्य, मेहनताना आणि वापराची मर्यादा लिहिली तरी पुरे. साठवणीसाठी ठेके वाजवून घेतले जात असतील, तर ते यंत्राला शिकवण्यासाठी वापरता येतील की नाही, हेही त्यात यावे.

दुसरा, नामावलीत वाद्यासह नाव. इंटरनेटवरून गाणी ऐकवणाऱ्या कंपन्यांकडे आज गाण्याबरोबर माहिती जोडण्याची सोय असते. तबकडीवर जागा नव्हती, ही सबब आता चालणार नाही. मराठी चित्रपटांना राज्य सरकार अनुदान देते. त्या अनुदानासाठी साजिंद्यांची संपूर्ण नामावली ही अट घातली, तर एका शासन निर्णयाने मोठा बदल घडू शकेल.

तिसरा, कलावंतांची नोंद. राज्याचे सांस्कृतिक कार्य खाते वृद्ध कलावंतांना मानधन देते, तमाशाच्या क्षेत्रासाठी विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कारही आहे. ही मदत स्वागतार्ह आहे. पण मानधन हे सरकारच्या इच्छेवर अवलंबून असते, हक्क तसा नसतो. जामखेड, संगमनेर, नारायणगाव यांसारख्या ठिकाणी वादकांची नावे, वाद्ये आणि त्यांची ध्वनिमुद्रणे यांची नोंद करण्यासाठी शिबिरे घेतली, तर हक्कसंस्थांचे सभासदत्व मिळवणेही सुलभ होईल.

याची घाई एवढ्यासाठी की, केंद्राच्या कार्यपत्रातील सूचना अशी आहे : यंत्राला शिकवण्यासाठी उपलब्ध कलाकृती वापरण्याचा परवाना कंपन्यांना सरसकट मिळावा, कलाकृतीच्या धन्याला नकार देता येऊ नये, मात्र त्याला मोबदला मिळावा. ही सूचना याच स्वरूपात कायदा होईल की नाही, हे पुढे ठरेल. पण नकाराचा अधिकार जाणार असेल आणि मोबदला हक्कसंस्थांमार्फत वाटला जाणार असेल, तर नोंद नसलेल्या वादकाच्या हाती दोन्हींपैकी काहीच उरत नाही. त्याचा ठेका यंत्र शिकेल आणि त्याचे पैसे इतरांत वाटले जातील.

केरसी लॉर्ड यांचे १६ ऑक्टोबर २०१६ रोजी मुंबईत निधन झाले. ‘अलबेला’च्या काळातील वादनाला कायद्याचे संरक्षण कधी मिळालेच नाही आणि मिळाले असते, तरी पन्नास वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली असती. त्या पिढीचा हिशेब आता चुकता करता येणार नाही. त्यांच्यानंतर वाजवणाऱ्यांचा मात्र येईल. जामखेडच्या कला केंद्रात आज जो ढोलकी वाजवतो आहे, त्याच्या वादनावरील हक्क कायद्याने यापुढे पन्नास वर्षे चालणार आहे. त्या हक्काशेजारी लिहायला त्याचे नाव कुठेतरी नोंदलेले असावे, एवढी तजवीज करणे आपल्या हातात आहे.